सर्वंकष सत्तेची प्रचारकविता आणि प्रार्थनेची भाषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे नेमक्या कोणत्या कवितांबद्दल बोलतो आहोत?

मुख्यतः दोन ठिकाणच्या: लेनिन-स्तालिनच्या काळातला सोव्हिएत रशिया आणि हिटलरची जर्मनी. माओच्या चीनचा उल्लेख ओघात येईल. या राजवटींत कवितेला सरकारी काम होतं. ती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापली जायची, शाळेत पाठ करून घेतली जायची, संचलनात गायली जायची. तिच्यात तारणहार, हुतात्म्यांचं रक्त, पुनरुत्थान, अनंतकाळ, शपथ, आज्ञा हे शब्द इतक्या वेळा येतात की वाचणाऱ्याला प्रश्न पडतोच: राज्यकर्ते देव मानणारे असोत वा नसोत, ही देवघराची भाषा तिथे पोचली कशी?

सोव्हिएत सत्ता तर नास्तिक होती. मग तिच्या कवितेत देवाची भाषा कशी?

सत्ता नास्तिक होती, पण ऐकणारा समाज नास्तिक नव्हता. रशियन शेतकऱ्याच्या घरात एक कोपरा देवाच्या तसबिरींचा असे. त्याला ‘लाल कोपरा’ म्हणत. क्रांतीनंतर कारखान्यांत, बराकींत, शाळांत ‘लेनिन कोपरे’ उभे राहिले. १९२५ मध्ये ‘लढाऊ निरीश्वरवाद्यां’ची संघटना स्थापन झाली आणि ५ डिसेंबर १९३१ रोजी मॉस्कोतलं ख्रिस्त तारणहाराचं भव्य कॅथेड्रल सुरुंग लावून पाडलं गेलं. त्या जागी सोव्हिएतांचा महाल बांधायचा आणि त्याच्या माथ्यावर लेनिनचा प्रचंड पुतळा बसवायचा, असा बेत होता. देऊळ पाडलं तरी देवळाच्या जागेची, उंचीची आणि मान वर करून बघायच्या सवयीची गरज संपली नव्हती. कवितेतही हेच घडलं.

हे सगळं नकळत झालं असंही नाही. क्रांतीच्या आधीच, १९०८ च्या सुमारास, क्रांतिकारक लुनाचार्स्की आणि लेखक गॉर्की यांनी ‘देव-उभारणी’चा विचार मांडला होता. जुना देव गेला तरी माणसाची भक्तीची भूक उरते, तिला मानवजात आणि समाजवाद हे नवं दैवत द्यावं, असा तो विचार. लेनिनला तो मुळीच पटला नव्हता, त्याने त्यावर कडाडून टीका केली. पुढे हाच लुनाचार्स्की सोव्हिएत सरकारचा पहिला शिक्षणमंत्री झाला.

स्तालिनचं शिक्षणही विसरता येत नाही. १८९४ ते १८९९ या काळात तो तिफ्लिसच्या (आजचं त्बिलिसी) ख्रिस्ती धर्मविद्यालयात पाद्री होण्यासाठी शिकत होता, आणि त्याच वयात त्याच्या जॉर्जियन कविता ‘इवेरिया’ या नियतकालिकात छापून आल्या होत्या. प्रार्थनेची लय आणि कवितेची लय, दोन्ही त्याच्या कानात होत्या.

याची सुरुवात नेमकी कधी झाली?

एक तारीख सांगायची तर २१ जानेवारी १९२४, लेनिनच्या मृत्यूचा दिवस. पुढच्या काही दिवसांत जे घडलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

२६ जानेवारीला स्तालिनने सोव्हिएत काँग्रेसपुढे भाषण केलं. रचना अशी: आम्हाला सोडून जाताना कॉम्रेड लेनिनने अमुक आज्ञा दिली, कॉम्रेड लेनिन, आम्ही तुझी शपथ घेतो की तुझी ही आज्ञाही आम्ही पाळू. मग पुढची आज्ञा, पुन्हा शपथ. ‘आज्ञा’ यासाठी त्याने वापरलेला रशियन शब्द बायबलमधल्या दहा आज्ञांसाठी वापरतात तोच आहे. धर्मगुरू एक ओळ म्हणतो, मंडळी ठरलेली ओळ परत देतात, त्या घाटातलं हे भाषण आहे.

त्याच आठवड्यात लेनिनची पत्नी क्रुप्स्काया हिने ‘प्रावदा’ या पक्षाच्या वर्तमानपत्रातून विनवलं की त्यांची स्मारकं उभारू नका, त्यांच्या नावाने महाल बांधू नका, त्यापेक्षा पाळणाघरं, बालवाड्या, शाळा बांधा. तिचं कुणी ऐकलं नाही. शव जतन झालं, लाल चौकात लाकडी समाधी उभी राहिली, १९३० पर्यंत तिची ग्रॅनाइटची वास्तू झाली आणि दर्शनाची रांग सुरू झाली.

आता कविता. क्रांतीचा कवी मायाकोव्स्की याने १९२४ मध्येच लिहिलेल्या एका कवितेचं पालुपद सोव्हिएत देशातल्या भिंतीभिंतींवर पोचलं: लेनिन जगला, लेनिन जगतो आहे, लेनिन जगेल. भूत, वर्तमान, भविष्य असे तीन काळ आणि एकच नाव. मराठी बायबल वाचलेल्यांना ‘येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे’ हे वाक्य लगेच आठवेल. रशियन माणसाला ईस्टरच्या रात्रीची ‘ख्रिस्त उठला आहे’ ही ललकारीही आठवत असणार.

पण हाच मायाकोव्स्की त्याच वर्षी लेनिनवर दीर्घकविताही लिहितो, आणि तिच्या सुरुवातीलाच भीती बोलून दाखवतो: मिरवणुका, समाध्या आणि पूजेचे ठरवून दिलेले नियम लेनिनचा साधेपणा गुळचट तेलात बुडवून टाकतील. हे तेल म्हणजे चर्चच्या विधींतलं पवित्र तेल. धोका त्याला स्वच्छ दिसत होता, तरी त्याच्याच ओळीने त्या पूजेला तिचा मंत्र दिला. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते. १९३० मध्ये त्याने आत्महत्या केली. १९३५ मध्ये स्तालिनने त्याला सोव्हिएत युगाचा सर्वश्रेष्ठ कवी ठरवलं, आणि मग त्याचीही पूजा सुरू झाली.

स्तालिनवरच्या कवितेची घडण कशी असते?

ऑगस्ट १९३६ मध्ये ‘प्रावदा’त आलेली एक स्तुती नमुना म्हणून घेऊ. तिच्यात स्तालिनला ‘हे महान स्तालिन, हे जनतेच्या नेत्या’ असं संबोधून पुढे विशेषणांची माळ लावली आहे: माणसाला जन्म देणारा, धरती सुफळ करणारा, शतकांना पुन्हा तरुण करणारा, वसंताला फुलवणारा.

आपल्याला हा घाट परका नाही. स्तोत्रात असंच असतं. आधी संबोधन, मग नामावळी, मग पराक्रम, मग शरणागती. फरक विशेषणांच्या आशयात आहे. पीक येणं, मूल जन्मणं, ऋतू बदलणं ही कामं कोणत्याही पंतप्रधानाची किंवा पक्षसचिवाची नसतात. एकदा ती त्याच्या नावावर जमा झाली की धान्य का कमी पडलं हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. लक्षात घ्या, ही ‘धरती सुफळ करणारा’ची ओळ १९३२-३३ च्या दुष्काळानंतर तीनच वर्षांनी छापली गेली. त्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि आसपासच्या भागात लाखो माणसं भुकेने मेली होती, आणि त्याला सरकारची धान्यवसुली कारण होती.

दुसरी खूण म्हणजे कृतज्ञता. ‘सुखी बालपणाबद्दल कॉम्रेड स्तालिन, तुमचे आभार’ हे घोषवाक्य त्या पिढीच्या प्रत्येक मुलाने वाचलेलं आहे. ज्याचे आभार मानायचे त्याच्याकडे हक्क मागता येत नाही. जे मिळालं ते दान ठरतं, आणि दानाचा हिशेब कुणी मागत नाही.

यातल्या कविता लोकांनी आपणहून रचल्या होत्या का?

काही प्रमाणात, आणि बऱ्याच वेळा रचवून घेतलेल्या. झाम्बिल झाबायेव हा कझाक शाहीर घ्या. जन्म १८४६ चा, हातात दोम्ब्रा हे तंतुवाद्य घेऊन गाणारा, स्वतः न लिहिणारा. नव्वदीत असताना तो सोव्हिएत लोककवितेचा चेहरा बनला. दागिस्तानचा सुलेमान स्ताल्स्की हाही तसाच. १९३४ च्या लेखक परिषदेत गॉर्कीने त्याला विसाव्या शतकाचा होमर म्हटलं. झाम्बिलची गाणी मॉस्कोपर्यंत पोचायची ती रशियन अनुवादकांच्या हातून. गाण्यात मूळ शाहिराचं किती आणि अनुवादकाचं किती, यावर आजही वाद होतात.

स्टेपवरच्या, म्हणजे मध्य आशियातल्या गवताळ मैदानांवरच्या शाहिराला खानाची, वीराची स्तुती करायची परंपरा होतीच. सत्तेने ती तयार परंपरा उचलली आणि खानाच्या जागी स्तालिन बसवला. धोका किती होता ते एका उदाहरणावरून कळतं. १९३७ मध्ये झाम्बिलच्या नावाने गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव याच्यावर स्तुतिगीत आलं. येझोवला एप्रिल १९३९ मध्ये अटक झाली आणि फेब्रुवारी १९४० मध्ये गोळी घातली गेली. कालचं स्तोत्र बाळगणंही आता जोखमीचं झालं. देवांची यादी अशी रात्रीत बदलणारा धर्म दुसरा नसेल.

नाझींच्या कवितेतही हेच दिसतं का?

भाषा तीच, परिस्थिती वेगळी. जर्मनीत बहुसंख्य लोक चर्चचे सभासद होते आणि राजवटीने चर्च सरसकट बंद केली नाहीत. त्यामुळे तिथे ख्रिस्ती प्रतिमांची जागा रिकामी नव्हती. त्यांच्या शेजारी दुसऱ्या प्रतिमा आणून बसवल्या गेल्या, आणि हळूहळू मूळच्या प्रतिमा बाजूला सरकवल्या गेल्या.

तिथला गाभा आहे मृत्यू. हिटलर युवा संघटनेचा प्रमुख बाल्डुर फॉन शिराख स्वतः कवी होता. १९३३ च्या त्याच्या गीतात मुलं गातात की झेंडा आम्हाला अनंतकाळात नेतो, झेंडा मृत्यूपेक्षा मोठा आहे. गाणारी पोरं चौदा-पंधरा वर्षांची. १९३० मध्ये मारला गेलेला होर्स्ट वेसेल याने लिहिलेल्या पक्षगीतात मेलेले साथी ‘आत्म्याने आमच्या रांगांतून चालतात’ अशी ओळ आहे.

कवितेतलं हे सगळं दर वर्षी ९ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये प्रत्यक्ष केलं जायचं. हिटलरच्या १९२३ च्या फसलेल्या उठावात मेलेल्या १६ जणांच्या शवपेट्या १९३५ मध्ये मोठ्या समारंभाने क्योनिग्सप्लात्स या चौकातल्या ‘सन्मान मंदिरां’त हलवल्या. मेलेल्यांची नावं एकेक करून पुकारली जायची आणि जमाव उत्तर द्यायचा: ‘हजर!’ त्या उठावात रक्ताने माखलेला झेंडा ‘रक्तध्वज’ म्हणून जपला होता, आणि नवे झेंडे त्याला स्पर्श करवून पवित्र केले जात.

रिखार्ड ऑयरिंगरच्या ‘जर्मन पॅशन १९३३’ (पॅशन म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांची कथा) या काव्यनाट्यात पहिल्या महायुद्धातला अनाम सैनिक थडग्यातून उठून येतो आणि त्याच्या डोक्यावर काटेरी तारेचा मुकुट असतो. इतकी उघड नक्कल, आणि ती रेडिओवरून घराघरांत पोचली. याहून मऊ आवाजातलं काम हान्स बाउमानने १९३६ मध्ये केलं. त्याचं नाताळगीत चांदण्यांचं, रात्रीचं, आईचं आहे, चाल गोड आहे. फक्त त्यात येशू नाही. मला विचाराल तर काटेरी मुकुटापेक्षा हे गाणं जास्त परिणामकारक होतं, कारण गाणाऱ्याला काही काढून घेतल्याचं जाणवतच नाही. युद्धानंतरही ते गाणं गायलं जात राहिलं.

चर्चमधून कुणी हरकत घेतली नाही?

घेतली. मे १९३४ मध्ये बार्मेन इथे प्रॉटेस्टंटांच्या एका गटाने जाहीरनामा काढला. ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणत्याही सत्तेला वा व्यक्तीला ईश्वरी वाणीचा दर्जा देणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं. मार्च १९३७ मध्ये पोपचं जर्मन भाषेतलं पत्र कॅथलिक चर्चमधून वाचून दाखवलं गेलं. पण ‘जर्मन ख्रिश्चन’ म्हणवणारा मोठा गट राजवटीसोबत होता, हेही तितकंच खरं.

अशा भाषेचा लोकांवर खरंच परिणाम होतो का?

व्हिक्टर क्लेम्परर हा ज्यू घरात जन्मलेला भाषाअभ्यासक ड्रेस्डेनमध्ये राहून बारा वर्षं नाझींची भाषा टिपत होता. युद्धाच्या अगदी शेवटी त्याला एक हात गमावलेला सैनिक भेटतो. सगळं संपल्यात जमा आहे. तो सैनिक म्हणतो, बाकीचे खोटं बोलले असतील, पण हिटलर कधी खोटं बोललेला नाही, माझी त्याच्यावर श्रद्धा आहे. क्लेम्पररने हे १९४७ मध्ये छापलं. मत पुराव्याने बदलतं. श्रद्धा पुराव्यासमोरही टिकते, म्हणूनच सत्तेला मतापेक्षा श्रद्धा हवी होती.

चीनमध्ये काय झालं?

‘पूर्व लाल आहे’ या गीताची चाल शेन्शी प्रांतातल्या लोकगीताची. त्यात माओ हा उगवता सूर्य आहे आणि जनतेचा महान तारणहार तारा आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तेच व्यवहारात राष्ट्रगीत बनलं, कारण अधिकृत राष्ट्रगीताचा कवी त्यान हान तुरुंगात होता. तो १९६८ मध्ये कैदेतच मेला. १९७० मध्ये चीनने पहिला उपग्रह सोडला तेव्हा त्यातून याच गीताची धून पृथ्वीवर ऐकू येत होती.

गंमत नाही, वेदनेची गोष्ट ही की त्याच सभांमध्ये ‘इंटरनॅशनल’ हे जगभरच्या कामगार चळवळीचं गीतही गायलं जायचं. १८७१ मध्ये पोत्येने लिहिलेल्या त्या गीतात साफ म्हटलं आहे की वरून येणारा कोणी तारणहार नाही, देव नाही, सीझर नाही. सोव्हिएत रशियात तर १९४४ पर्यंत हेच राष्ट्रगीत होतं. त्या वर्षी नवं गीत आलं, त्यात लेनिनने वाट उजळली आणि स्तालिनने आम्हाला वाढवलं. १९५६ मध्ये पक्षानेच स्तालिनच्या व्यक्तिपूजेवर टीका केल्यावर ते शब्द गैरसोयीचे झाले, आणि १९७७ पर्यंत सोव्हिएत राष्ट्रगीत नुसतं वाजवलं जायचं, शब्दांशिवाय.

मग आपली भक्तिकविता आणि ही कविता यांत फरक काय? दोन्हींत शरणागतीच की!

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो रास्त आहे.

भक्तिकवितेत शरणागती आहे तशी भांडणंही आहेत. जनाबाई विठोबाला शिव्या घालते. नामदेव त्याच्याशी हुज्जत घालतात. तुकोबा तर ‘माझे लेखी देव मेला’ म्हणून मोकळे होतात, आणि वारकऱ्यांनी तो अभंग गाथेतून काढून टाकला नाही, जपला. ज्यूंच्या आणि ख्रिस्त्यांच्या स्तोत्रसंहितेतही ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आक्रोश आहे. धर्माच्या भाषेत स्तुती हा एक भाग आहे. तक्रार, विलाप, संशय, देवाच्या गप्प बसण्यावरचा राग, स्वतःच्या पापाची कबुली हे बाकीचे भाग आहेत.

प्रचारकवितेने यातली फक्त स्तुती उचलली. स्तालिनवर रुसणारी, त्याला जाब विचारणारी एकही कविता ‘प्रावदा’त सापडणार नाही. म्हणून तिला नुसतं ‘धार्मिक’ म्हणणं मला अपुरं वाटतं. धर्माने हजारो वर्षांत दुःख बोलण्यासाठी जी भाषा घडवली, तीच तिने बाहेर ठेवली.

‘राजकीय धर्म’ ही संज्ञा वापरावी का?

राजकीय विचारवंत एरिक फोगेलिनने १९३८ मध्ये व्हिएन्नात ती वापरली आणि फ्रेंच विचारवंत रेमों आरोंने १९४४ मध्ये ‘ऐहिक धर्म’ म्हटलं. संज्ञा उपयोगी आहे, फक्त वरचा फरक विसरू नये.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

थेट संबंध विचारांचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती, म्हणजेच व्यक्तिपूजा, अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारा हमखास मार्ग आहे. हिटलर मरून तेव्हा जेमतेम साडेचार वर्षं झाली होती आणि स्तालिन अजून जिवंत होता.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्टालिनग्राडच्या पोवाड्या’बद्दलही विचारलं जातं. तो या पंक्तीत बसवू नये. हिटलरच्या फौजांशी झुंजणाऱ्या शहराचा तो पोवाडा एका कामगार शाहिराने ब्रिटिश राजवटीखालच्या मुंबईत रचला. त्याच्यामागे सत्ता नव्हती, आणि तो न गाणाऱ्याला तुरुंगाची भीतीही नव्हती. शब्द सारखे दिसले तरी ते कुणाच्या धाकाने उच्चारले गेले, हे पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

मांडेलश्ताम आणि आख्मातोवा या रशियन कवींनीही स्तालिनची स्तुती लिहिली. त्यांनाही प्रचारकवी म्हणायचं का?

नाही.

ओसिप मांडेलश्तामने १९३३ मध्ये स्तालिनवर जहाल कविता केली, मोजक्या लोकांना म्हणून दाखवली, आणि मे १९३४ मध्ये त्याला अटक झाली. पुढे वोरोनेझच्या हद्दपारीत, १९३७ च्या सुरुवातीला, जीव वाचवण्यासाठी त्याने स्तालिनवर ओड, म्हणजे स्तुतिकाव्य, लिहायला घेतली. त्याची पत्नी नादेझ्दा सांगते की एरवी तो चालता चालता, ओठ हलवत कविता रचायचा. या वेळी तो टेबलाशी कागद-पेन घेऊन बसला. नंतर त्याने आख्मातोवाला सांगितलं की तो एक आजार होता. ओडने तो वाचला नाही. डिसेंबर १९३८ मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत तो मेला.

आन्ना आख्मातोवाचा मुलगा लेव नोव्हेंबर १९४९ मध्ये पुन्हा पकडला गेला. १९५० मध्ये ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात तिच्या स्तुतिकविता आल्या. जिथे स्तालिन तिथे स्वातंत्र्य, शांती आणि पृथ्वीची थोरवी, अशी त्यांतली एक ओळ. आईने पोरासाठी भरलेली ती खंडणी होती. लेव सुटला तो १९५६ मध्ये.

पण याच बाईने त्याच्या आधी, १९३५ ते १९४० मध्ये, ‘रेक्विएम’ (म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना) रचलं होतं. तेव्हाही मुलगा कैदेत होता, आणि ती सतरा महिने लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर रांगेत उभी राहिली. कविता कागदावर ठेवणं म्हणजे मरण, म्हणून चिठोऱ्यावर लिहायचं, मैत्रिणीने पाठ करायचं आणि चिठोरं जाळून टाकायचं. त्यात ‘वधस्तंभ’ नावाचा छोटा भाग आहे. मग्दालिया ऊर बडवून रडते, लाडका शिष्य दगडासारखा होतो, आणि जिथे आई मुकाट उभी आहे तिकडे नजर वळवायची कुणाची हिंमत होत नाही. प्रचारकवींनी ख्रिस्ताच्या कथेतून विजय आणि अमरत्व घेतलं होतं. आख्मातोवाने खांबाखाली उभी असलेली आई घेतली, आणि रांगेतल्या प्रत्येक बाईला तिची जागा दिली. ही कविता १९६३ मध्ये म्युनिकमध्ये छापली गेली. तिच्या स्वतःच्या देशात ती १९८७ मध्ये आली, कवयित्री जाऊन एकवीस वर्षं झाल्यावर.

अभ्यासासाठी कुठून सुरुवात करावी?

मायाकोव्स्कीच्या लेनिनवरच्या दीर्घकवितेची सुरुवात आणि ‘रेक्विएम’मधला ‘वधस्तंभ’ शेजारी ठेवून वाचा. इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. नंतर ‘प्रावदा’तली एखादी स्तुती घ्या आणि तिच्यातलं नाव झाकून पाहा: बोलणारा कुठे तक्रार करतो का, काही मागतो का, रडतो का. वर्गात शिकवणाऱ्यांनी नाझी गीतं मोठ्याने गाऊन दाखवू नयेत, छापील शब्दच वाचावेत. चाल चांगली असते आणि ती डोक्यात राहते. जर्मनीत पक्षगीताच्या जाहीर गायनावर आजही कायद्याने बंदी आहे.